राखेचं सिमेंट म्हणजे भेसळ नव्हे

नागपुरात घर बांधायला काढलं की एक सल्ला हमखास मिळतो: "स्लॅबला पीपीसी नको, त्यात राख असते." पीपीसी म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. त्यात औष्णिक वीज केंद्रांतल्या कोळशाची राख असतेच, प्रमाणित मर्यादेत १५ ते ३५ टक्के. आणि ती असावी.

सिमेंटसाठी चुनखडी साधारण १४५० अंशांना भाजतात. भाजून जे खडे निघतात आणि दळून सिमेंट होतात, ते क्लिंकर. टनभर क्लिंकरमागे जवळपास ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातला निम्म्याहून अधिक जळणातून नव्हे, खुद्द चुनखडीतून सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. म्हणून मुळात क्लिंकरच कमी लागावं, हे खरं; राख त्याचीच जागा घेते.

सिमेंटवर पाणी पडलं की कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट बनतं. खडी-वाळूला धरून ठेवणारा खरा गोंद तो. सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुनाही बनतो. ताकदीत त्याचा वाटा फारसा नाही. आता नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांची राख पाहा. कोळशातली माती तिथल्या भट्टीत वितळते, धुरासोबत उडताना झटकन थंड होते. स्फटिक बांधायला तिला वेळच मिळत नाही, म्हणून तिचे काचेसारखे बारीक गोल मणी होतात. वाळूतलं सिलिका स्फटिकात घट्ट बसलेलं, या मण्यांतलं विस्कळीत. काँक्रीटच्या छिद्रांतल्या तीव्र अल्कधर्मी पाण्यात त्याचे सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटतात, सिलिका विरघळतं आणि त्या बिनकामाच्या चुन्याशी जुळून पुन्हा तोच गोंद तयार होतो! छिद्रं बुजतात, पाणी कमी झिरपतं. जुन्या बांधकामांत चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी घालत, तिथेही हेच घडायचं.

ही क्रिया मात्र संथ आहे आणि तिला ओलावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना स्लॅब चार दिवसांत कोरडा सोडला, तर राख नुसती पडून राहते. अशा हवेत पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १४ दिवस पाणी मारावं, असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सुचवतं. मुहूर्त आणि वास्तुदोष-निवारणावर खर्च करणारे लोक गोणपाट आणि पाण्याच्या टँकरवर काटकसर करतात, याचं मला फार वाईट वाटतं. भिंतीची दिशा बदलून काँक्रीट पक्कं होत नाही.

पर्यावरणाचं उद्दिष्ट माहितीपत्रकावरच्या हिरव्या पानात राहून उपयोग नाही, ते निविदेत उतरायला हवं: राखेचं किमान प्रमाण, पाणी मारण्याचे दिवस आणि त्याची वेगळी रक्कम. जिथे घाई नसेल, उदाहरणार्थ इमारतीच्या पायात, तिथे क्यूबची, म्हणजे चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद २८ ऐवजी ५६ दिवसांनी मोजायची अटही आराखडा करतानाच घालता येते.