मंत्र्यांची जबाबदारी आणि १९५६ ते १९५८ मधील तीन राजीनामे

केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल, असे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ७५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे आणि राज्यांसाठी तीच तरतूद अनुच्छेद १६४ मध्ये आहे. एकट्या मंत्र्याच्या जबाबदारीविषयी मात्र संविधानात असे थेट विधान नाही. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत मंत्री पदावर राहतील, एवढेच तेथे सापडते आणि ही मर्जी व्यवहारात पंतप्रधानांची असते. खात्याच्या चुकीसाठी मंत्र्याने केव्हा पायउतार व्हावे, या प्रश्नाला आपल्याकडे दर वेळी निराळे उत्तर मिळत आले, त्याचे मूळ बहुतांशी या रचनेत आहे.

ब्रिटनमध्ये ही प्रथा कायद्याने नव्हे, तर वहिवाटीने घडली. अमेरिकेतील पराभवानंतर १७८२ मध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांच्यासह त्यांचे जवळजवळ सगळे सहकारी एकत्र बाहेर पडले, तो सामूहिक जबाबदारीचा आरंभीचा दाखला मानला जातो. लॉर्ड चॅन्सेलर थर्लो तेवढे पुढच्या सरकारातही टिकून राहिले. हिंदुस्थानात १९१९ च्या कायद्याने आलेल्या द्विदल राज्यपद्धतीत सोपीव, म्हणजे हिंदी मंत्र्यांकडे सोपवलेल्या, खात्यांचे मंत्री प्रांतिक कायदेमंडळाला जबाबदार होते, पण बहुतेक प्रांतांत ते एकेकटे. १९३५ च्या कायद्याखाली मात्र मंत्र्यांमध्ये संयुक्त जबाबदारीची भावना वाढीस लावण्याची सूचना गव्हर्नरांना देण्यात आली. १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर मुंबई इलाख्यातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली, तेव्हा ती एकगठ्ठा बाहेर पडली. अर्थात, तो आदेश कायदेमंडळाचा नव्हता, पक्षाचा होता.

घटना समितीत या विषयावर ३० डिसेंबर १९४८ रोजी झालेल्या चर्चेला उत्तर देताना डॉ. आंबेडकरांनी रोकडा मुद्दा मांडला. सामूहिक जबाबदारी सगळ्यांना मान्य आहे, पण ती मोडणाऱ्या मंत्र्याला आवरणार कोण? त्यांच्या मते हे काम कायद्याच्या कलमाने होणारे नव्हते. पंतप्रधानांच्या सल्ल्याशिवाय कोणाची मंत्रिपदी नेमणूक होऊ नये आणि पंतप्रधानांनी दूर करा म्हटल्यावर कोणी पदावर राहू नये, या दोन अटींतूनच ते साधणार होते. विचार व्यवहार्य होता यात शंका नाही. परंतु त्यामुळे एकेका मंत्र्याचा हिशेब सभागृहापेक्षा पंतप्रधानांच्या दालनात होणार, हेही तेव्हाच ठरून गेले.

पुढे १९५६ ते १९५८ या काळात तीन राजीनाम्यांनी या व्यवस्थेच्या तीन बाजू दाखवल्या. पहिला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचा. मुंबई केंद्रशासित ठेवण्याच्या निर्णयाला कुलाब्याचे खासदार म्हणून त्यांचा विरोध होताच, पण जुलै १९५६ मध्ये लोकसभेत केलेल्या निवेदनात त्यांनी कार्यपद्धतीवरही बोट ठेवले. मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच पंतप्रधानांनी निर्णय जाहीर केला, असा त्यांचा आरोप होता. नेहरूंनी तो नाकारला. महाराष्ट्रात या राजीनाम्याची आठवण स्वाभिमानाची कृती म्हणून काढली जाते आणि ते योग्यच आहे. मात्र सामूहिक निर्णय नेमका कशाला म्हणायचे, हा त्यातला घटनात्मक प्रश्न त्या आठवणीत झाकला जातो.

दुसरा राजीनामा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांचा. महबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतर त्यांनी देऊ केलेला राजीनामा नेहरूंनी स्वीकारला नव्हता; नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियलूर येथील अपघातात शंभराहून अधिक माणसे दगावल्यावर मात्र तो स्वीकारला. शास्त्री अपघाताला जबाबदार आहेत म्हणून नव्हे, तर घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा म्हणून तो स्वीकारत असल्याचे नेहरूंनी सांगितले.

तिसरे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. देशमुखांच्या जागी अर्थमंत्री झालेले टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या कारकिर्दीत, जून १९५७ मध्ये, आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलेही नव्हते. फिरोज गांधी यांनी हे लोकसभेत उघड केल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि मुंबईत उघड सुनावणी झाली. या व्यवहाराला आपली संमती नव्हती, असे मंत्र्यांचे म्हणणे होते. छागलांनी ते ग्राह्य धरले नाही. खात्याच्या सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच असते, त्याला अधिकाऱ्याच्या आड लपता येत नाही, हे तत्त्व त्यांनी अहवालात मांडले. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी गेले आणि १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतलेही.

त्यानंतरच्या इतिहासात सलगता नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख, तिघांनाही पद सोडावे लागले. पण तो निर्णय सभागृहातल्या मतदानाने झाला नाही, पक्षश्रेष्ठींच्या पातळीवर झाला. लोकसभेत अविश्वासाचा ठराव संपूर्ण मंत्रिमंडळाविरुद्धच आणता येतो. एकट्या मंत्र्याविरुद्ध निंदाव्यंजक ठराव मांडता येतो खरा, परंतु बहुमत पाठीशी असलेल्या मंत्र्याला त्याची धास्ती फारशी नसते.

मंत्र्याच्या बेताल वक्तव्याचा भार सरकारवर टाकता येईल का, हा प्रश्न अलीकडे सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कौशल किशोर खटल्यात ३ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाच्या बहुमताने सांगितले की, ते वक्तव्य राज्यकारभाराशी संबंधित असले तरी सामूहिक जबाबदारीच्या आधारे ते सरकारचे मानता येणार नाही. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी वेगळे मत नोंदवले: वक्तव्यातून सरकारचीच भूमिका व्यक्त होत असेल तर ते सरकारला चिकटते, नसेल तर ते त्या मंत्र्याचे वैयक्तिक ठरते.