ठोसा खांद्यावरून ओघळतो तेव्हा

"सर, हात खाली घेतला त तोंडावर लागन ना!"

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, शाळेमागच्या कडुलिंबाखाली, नववीतली एक पोरगी मला हे विचारत होती. फांदीला बारदान्याचं पोतं टांगलेलं, आत सरकी आणि चिंध्या. दोन वर्षं बॉक्सिंग शिकवताना तिला दोन्ही मुठी गालाशी धरायला मीच सांगितलं होतं आणि आता मीच डावा हात पोटावर आडवा ठेवायला सांगत होतो.

या बचावाला 'शोल्डर रोल' म्हणतात. फिलाडेल्फिया शहरावरून 'फिली शेल' असंही नाव आहे. डावा पाय पुढे, अंग तिरकं, डावा खांदा हनुवटीला टेकेल इतका वर, उजवा तळवा गालाजवळ. समोरून उजव्या हाताचा सरळ ठोसा आला की कमरेतून मागे-उजवीकडे वळायचं. ठोसा खांद्यावर घासून निघून जातो. अमेरिकेचा बॉक्सर फ्लॉइड मेवेदर व्यावसायिक कारकिर्दीतल्या ५० च्या ५० लढती जिंकला, त्याची ओळखच हा खांदा होती.

तिच्या भीतीचं उत्तर आधी आकड्यांत बघू. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑलिम्पिक दर्जाच्या ७ बॉक्सरांचे ठोसे मोजले होते. सरासरी बल ३,४२७ न्यूटन, म्हणजे क्षणभरासाठी साडेतीन क्विंटल कापसाच्या वजनाइतकं. हाताचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर. या वेगाने अर्धा मीटर कापायला सेकंदाचा अठरावा भाग पुरतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला मात्र आपल्याला साधारण पाचवा भाग लागतो. ठोसा निघाल्यावर मूठ बघून अडवू, हा हिशेब जुळतच नाही. म्हणून हात कुठे आहे यापेक्षा खांदा आधीच जागेवर आहे की नाही, हे महत्त्वाचं.

आणि खांदा काय करतो? गारपिटीत सपाट पत्र्यावर गार आदळते, उतरत्या कवेलूंवरून घसरते. ठोसा काटकोनाऐवजी ६० अंशांनी कलून लागला, तर थेट आत घुसणारा बलाचा हिस्सा निम्माच राहतो. शिवाय अंग ठोशाबरोबर वळत असल्याने धक्का जास्त वेळात पसरतो आणि बल आणखी उतरतं.

मला या बचावाचं सगळ्यात मोल वाटतं ते मेंदूसाठी. १९४३ मध्ये ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ हॉलबोर्न यांनी मेंदूच्या जागी जिलेटिन घेऊन दाखवलं की डोकं सरळ ढकललं जाण्यापेक्षा झटक्यात गरकन फिरणं जास्त घातक असतं. हनुवटी ही जात्याच्या खुंट्यासारखी आहे. कडेला धरून ओढलं की जड जातंही फिरतं. तो खुंटाच खांद्याआड लपवायचा. पोरींच्या डोक्याला जपणं हे कुठल्याही पदकाआधी येतं, हे मी त्यांच्या आईबापांनाही सांगतो.

शिकवताना कापड गुंडाळलेली लांब काठी घेतो. आधी अगदी सावकाश. नजर मुठीवर ठेवायची नाही, छातीच्या वरच्या भागावर ठेवायची. उजवा ठोसा मुठीत जन्मत नाही. मागची टाच उचलते, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि शेवटी हात सुटतो. टाच-कंबरेची ती चाहूल वाचता आली की हरवलेला वेळ परत मिळतो. शंकरपटात बैलांच्या नुसत्या कानांवरून त्यांचा इरादा ओळखणारे धुरकरी आमच्याकडे आहेत, त्यांनाही हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

पुढे जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), पोटावरचा ठोसा असं सगळं मिसळून, क्रम न सांगता काठी फिरवतो. पोरी चुकतात, चिडतात. पण १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या ३ वेगवेगळ्या हालचाली काहींना एकेक करून आणि काहींना मिसळून शिकवल्या. मिसळून शिकणारे सरावात मागे पडले, पण १० दिवसांनी घेतलेल्या चाचणीत तेच पुढे होते. म्हणून सरावातल्या चुका पाहून मी घाबरत नाही.

एका ठिकाणी मात्र मीच कमी पडलो. जिल्ह्याच्या स्पर्धेत नववीतल्या त्याच पोरीसमोर डावखुरी मुलगी आली. डावखुऱ्याचा जोरकस ठोसा डाव्या हाताने, म्हणजे आपल्या छातीच्या उघड्या बाजूने येतो. तिथे डावा खांदा पुरत नाही, उजव्या तळव्यानेच तो झेलावा लागतो. हे मी तिला शिकवलंच नव्हतं. पहिल्या फेरीत तीन ठोसे सरळ नाकावर बसले. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून गप्प होती. दारव्हा मागे पडल्यावर म्हणाली, "सर, डाव्या हातानं काठी धरता का उद्या?"

तेव्हापासून रोज अर्धा तास काठी माझ्या डाव्या हातात असते. माझा हात अजून अवघडतो, ठोसे वाकडे जातात. तिचा उजवा तळवा मात्र गालापासून चार बोटं पुढे येऊन काठीचं टोक झेलतो, चट् असा आवाज होतो, आणि तळवा परत गालाशी जातो.