इंग्लंडमध्ये फ्लॅटचं लीज वाढवणं आणि 80 वर्षांची रेघ

इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅटचं लीज वाढवून मागण्याचा हक्क कायद्यात आला तो 1993 साली. 1967 च्या कायद्याने असा हक्क स्वतंत्र घरांना दिला होता; फ्लॅटवाले बाहेरच राहिले. त्या जुन्या कायद्याविरुद्ध लंडनच्या एका बड्या जमीनदार घराण्याचे विश्वस्त स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि 1986 साली हरले.

मुंबईत सरकारी जमिनीचा पट्टा बहुधा सोसायटीच्या नावे असतो. इंग्लंडमध्ये प्रत्येक फ्लॅटचं लीज वेगळं, आणि ते ज्याचं त्यानेच वाढवून घ्यायचं. याचं मूळ एका जुन्या कायदेशीर अडचणीत आहे. फ्रीहोल्ड (मुदतीविना, कायमच्या) मालकाने छप्पर दुरुस्त ठेवण्याची हमी दिली, तर ती पुढच्या खरेदीदाराला आपोआप लागू होत नाही. लीजमध्ये मात्र होते. म्हणून बिल्डरांनी फ्लॅट लीजवरच विकले, बरेचसे 99 वर्षांच्या. 1960 च्या दशकातल्या अशा फ्लॅटांची मुदत नव्वदीच्या दशकात सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आली आणि कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला.

1993 च्या कायद्याने उरलेल्या मुदतीवर आणखी 90 वर्षं दिली आणि ग्राउंड रेंट (मूळ मालकाला द्यायचं जमीनभाडं) नाममात्र केलं. ही वाढ अर्थातच फुकट नव्हती. फ्रीहोल्डरचं, म्हणजे त्या मूळ मालकाचं, बुडणारं ग्राउंड रेंट भरून द्यायचं, फ्लॅट त्याच्याकडे परत जाण्याचा दिवस लांबला त्याची भरपाई करायची, आणि वर लीज वाढल्याने नव्याने तयार होणाऱ्या मोलाचा, म्हणजे ‘मॅरेज व्हॅल्यू’चा, वाटा द्यायचा. शिवाय त्याच्या वकिलाचा आणि मूल्यांककाचा वाजवी खर्चही लीजधारकाच्याच माथी.

सगळं भांडण आहे ते मॅरेज व्हॅल्यूचं. समजा, लांब लीज असतं तर फ्लॅट 3 लाख पाऊंडांचा, पण 70 वर्षंच उरल्यामुळे 2 लाख 70 हजारांचा. फ्रीहोल्डरच्या परतीच्या हक्काचं आजचं मोल 5 टक्के दराने साधारण 9,900 पाऊंड. (हा दर 2006 च्या एका न्यायाधिकरणाच्या निकालातून आला आणि तोच रूढ झाला.) दोन्ही रकमा मिळवल्या तरी 3 लाखांना सुमारे 20,100 कमी पडतात. लीज वाढलं की हे मोल नव्याने तयार होतं, आणि त्यातलं निम्मं फ्रीहोल्डरचं. म्हणजे ग्राउंड रेंट सोडूनच बिल 9,900 वरून जवळपास 20 हजारांवर जातं. निम्मं का? दोघांच्या संमतीशिवाय हे मोल निर्माणच होत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. पण कायद्याने हक्क दिल्यावर संमतीला किंमत कसली, हा लीजधारकांचा प्रश्न मला तरी बिनतोड वाटतो.

2002 च्या कायद्याने त्या फ्लॅटमध्ये राहत असल्याची अट काढली. दोन वर्षांची मालकी पुरेशी ठरली. मॅरेज व्हॅल्यूत फ्रीहोल्डरला किमान निम्मा वाटा होता, तो नेमका निम्मा केला. आणि 80 वर्षांहून जास्त मुदत उरली असेल तर मॅरेज व्हॅल्यू शून्य धरायची, असं ठरलं. इतक्या लांब लीजवर ही रक्कम किरकोळ, तिच्यावरून वाद घालण्याचाच खर्च जास्त, हा हेतू. सवलत म्हणून आखलेली ही रेघ पुढे धास्ती बनली. हिशेब नोटीस दिल्याच्या तारखेचा होत असल्याने नोटीस थोडी उशिरा गेली तरी मॅरेज व्हॅल्यू मानगुटीवर बसते.

दुसरी मेख म्हणजे लीज वाढवण्याचा हक्कच नसता तर लहान लीजचा फ्लॅट कितीला गेला असता, हे ठरवायचं. 1993 नंतर असा हक्कविरहित बाजारच उरला नाही, म्हणून लहान लीजची किंमत लांब लीजच्या किती टक्के, हे दाखवणारे मूल्यांककांचे आलेख पुढे आले. लीजधारकांच्या बाजूने 1993 पूर्वीच्या विक्रींवर बेतलेलं एक सांख्यिकी प्रारूप मांडलं गेलं. ते मान्य झालं असतं तर रकमा बऱ्याच उतरल्या असत्या. पण एका फ्लॅटची त्यातून निघालेली हक्कविरहित किंमत बाजारातल्या हक्कासहित किमतीपेक्षा जास्त भरली. न्यायाधिकरणाने ते फेटाळलं, अपील न्यायालयानेही 2018 साली तेच केलं. निकाल तर्काला धरून होता, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं.

दर काही वर्षांनी दुप्पट होणाऱ्या ग्राउंड रेंटवरून ओरड झाली आणि जून 2022 पासून बहुतेक नव्या लीजमध्ये ते बंद झालं. मग 24 मे 2024 रोजी, निवडणूक जाहीर झाल्यावर दोनच दिवसांत, घाईघाईने नवा कायदा मंजूर झाला: 990 वर्षांची वाढ आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द. दोन वर्षांच्या मालकीची अट 31 जानेवारी 2025 ला गेली. फ्रीहोल्डर, त्यात काही धर्मादाय संस्थाही, मालमत्तेच्या हक्काचा मुद्दा घेऊन उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर 2025 मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं गेलं. तरीही मॅरेज व्हॅल्यू रद्द करणारी कलमं 2025 संपेपर्यंत लागू झालेली नव्हती. तोवर नोटीस देणाऱ्याचा हिशेब जुन्याच नियमांनी, 80 च्या रेघेसकट.