रकान्यात नुसतं ‘आयर्लंड’ : उत्तर इंग्लंडमधल्या आयरिश पूर्वजांच्या शोधाची पार्श्वभूमी

लिव्हरपूल, मँचेस्टर किंवा लीड्समधल्या एखाद्या गल्लीची १८५१ च्या शिरगणतीची पानं चाळली, की जन्मस्थानाच्या रकान्यात एकच शब्द घरामागून घर भेटत राहतो : आयर्लंड. इंग्लंडात जन्मलेल्याचं गाव आणि काउंटी (म्हणजे जिल्हा) लिहायची, आयर्लंडात जन्मलेल्याचा देश लिहिला तरी पुरे, असा नियमच होता. त्याआधी १८४१ मध्ये तर देशाचं पूर्ण नावही लिहीत नसत, ‘आय’ हे एक अक्षर टाकून मोजणीदार पुढच्या घरी जाई. आता आयर्लंडात काउंट्या ३२ आणि टाउनलँड ६० हजारांहून जास्त. टाउनलँड म्हणजे साधारण आपली वाडी : ठरलेल्या हद्दीचा, स्वतःचं नाव असलेला जमिनीचा लहानसा तुकडा. हे नाव सापडत नाही तोवर तिकडच्या नोंदींत शिरायला वाट नसते. ते सापडतं ते बहुधा इंग्लंडातल्याच एखाद्या कागदावर, आणि तो कागद का तयार झाला हे ठाऊक असेल तरच.

आयरिश माणसं १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळाच्या आधीपासून येत होती. मेयो, स्लायगो, रॉसकॉमन या पश्चिमेकडच्या काउंट्यांतले शेतमजूर उन्हाळ्यात समुद्र ओलांडून लँकेशायर आणि यॉर्कशायरमध्ये कापणीला येत, मजुरी कमरेला बांधून परत जात आणि त्यातून जमिनीचा खंड भरत. हातमागाचे विणकर, गोदीतले हमाल, कालवे आणि रेल्वेचे खोदकामगारही होते. मँचेस्टरमध्ये मेडलॉक नदीकाठच्या एका वस्तीला ‘लिटल आयर्लंड’ हे नाव दुष्काळाच्या आधीच पडलं होतं. त्यामुळे ‘आमचे पूर्वज दुष्काळात आले’ ही घरात चालत आलेली गोष्ट आधी तपासून घ्यावी. मोठ्या मुलाचा जन्म इंग्लंडात १८३८ चा निघाला, तर गोष्ट तिथेच बदलते.

मग १८४५ मध्ये बटाट्यावर, म्हणजे गरिबांच्या रोजच्या अन्नावरच, करपा आला. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली आणि तेवढ्याहून जास्त देश सोडून गेली. ज्याच्याजवळ अमेरिकेचं भाडं होतं तो तिकडे गेला. ज्याच्याजवळ काही शिलिंगच होते तो लिव्हरपूलला उतरला. एकट्या १८४७ या वर्षात त्या बंदरात सुमारे ३ लाख आयरिश माणसं उतरली. त्यातली बरीच पुढे अमेरिकेला गेली, पण मागे राहिलेल्यांची संख्याही शहराला पेलणारी नव्हती. तळघरांमध्ये टायफस पसरला आणि त्याला ‘आयरिश ताप’ असं नाव मिळालं. आजाऱ्यांची सेवा करता करता त्या वर्षी लिव्हरपूलमध्ये १० कॅथलिक धर्मगुरू मेले. बोटीवरचा प्रवास उघड्या डेकवर, गुराढोरांच्या सोबतीने व्हायचा. डिसेंबर १८४८ मध्ये स्लायगोहून लिव्हरपूलला निघालेल्या ‘लंडनडेरी’ बोटीवर वादळात प्रवाशांना खाली कोंडून झाकणं लावली गेली, तेव्हा ७२ जण गुदमरून मेले. आयर्लंड आणि इंग्लंड तेव्हा एकाच राज्याचे भाग असल्याने हा प्रवास देशांतर्गत मानला जाई. अमेरिकेच्या जहाजांसारख्या प्रवासी याद्या इथे शोधत बसण्यात अर्थ नाही.

१८५१ ला इंग्लंड आणि वेल्समध्ये आयर्लंडात जन्मलेले सुमारे ५ लाख २० हजार लोक होते. लिव्हरपूलमध्ये ते सुमारे ८४ हजार भरले, म्हणजे शहरातल्या दर पाच माणसांमागे एकाहून जास्त. पण शोधणाऱ्याला या आकड्यांपेक्षा कोण कुठून कुठे गेलं हे जास्त उपयोगी पडतं. कंबरलँडमधल्या क्लीटर मूरच्या लोहखनिजाच्या खाणींत प्रामुख्याने उत्तरेकडच्या अल्स्टरची माणसं आली, कारण समोरच्या किनाऱ्यावरून ते जवळ होतं. यॉर्कच्या वॉमगेटमध्ये आणि लँकेशायरच्या गिरणगावांत मेयोची माणसं बरीच. एक भाऊ आला, त्याने मेहुण्याला बोलावलं, मेहुण्याने शेजाऱ्याला. मुंबईच्या गिरणगावातल्या चाळीत एकाच गावचे लोक एकाच खोलीवर उतरत, तसाच हा मामला. म्हणून आपलं घर सापडलं की शेजारची दहा घरं, तिथले भाडेकरू आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार हेही उतरवून घ्यावेत. आपल्या पूर्वजाने गाव सांगितलं नसेल, पण त्याच्या साक्षीदाराच्या नोंदीत ते असू शकतं.

मायकेल डेव्हिट यांचं उदाहरण या सगळ्याला लागू पडतं. जन्म १८४६ चा, मेयोमधल्या स्ट्रेडचा. १८५० मध्ये खंड थकला म्हणून कुटुंबाला घराबाहेर काढलं. स्विनफर्डच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात गेले, तर तिथे तीन वर्षांवरच्या मुलाला आईपासून वेगळं ठेवायचा नियम. आईने ते मानलं नाही. कुटुंब लिव्हरपूलला उतरलं आणि लँकेशायरमधल्या हॅसलिंग्डनला स्थिरावलं, कारण तिथे मेयोची माणसं आधीपासून होती. ११ व्या वर्षी सूतगिरणीच्या यंत्रात सापडून मायकेलचा उजवा हात गेला. पुढे १८७९ मध्ये जमीनदारीविरुद्ध लँड लीग उभारणारे नेते ते हेच. (जाता जाता : अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर याच गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा मुंबई बंदरातून गेलेला वऱ्हाड-खानदेशचा कापूस ‘सुरती’ या नावाने तिथल्या मागांवर चढला. आखूड धाग्याचा म्हणून कामगार त्याच्या नावाने बोटं मोडत.)

डेव्हिट प्रसिद्ध झाले म्हणून त्यांचं गाव कळतं. बाकीच्यांचं बहुतेकदा कळतं ते सरकारला त्यांचा त्रास झाला म्हणून. माझ्या मते या शोधातली ही सर्वांत विचित्र गोष्ट आहे. गरीब कायद्याखाली, म्हणजे निराधारांच्या सरकारी मदतीच्या कायद्याखाली, मदत मागणाऱ्या आयरिश माणसाला परत बोटीत बसवून देता येत असे आणि १८४७ मध्ये एकट्या लिव्हरपूलमधून असे सुमारे १५ हजार लोक परत पाठवले गेले. परत पाठवायचं तर कुठे, हे विचारावं लागे. म्हणून वर्कहाउसच्या नोंदवह्या, परत पाठवण्याचे हुकूम, तुरुंगाची रजिस्टरं या ओशाळवाण्या कागदांत काउंटीचं आणि कधीकधी पॅरिशचंही (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचंही) नाव भेटतं. १८४६ च्या कायद्याने एकाच पॅरिशमध्ये सलग पाच वर्षं राहिलेल्याला हद्दपारीपासून संरक्षण मिळालं. एखादं कुटुंब दर दोन वर्षांनी खोली बदलतं, पण त्याच चार गल्ल्यांत फिरत राहतं, त्यामागे हेही कारण असू शकतं.

चर्चच्या नोंदींतही एक खोच आहे. १८३७ पर्यंत कायदेशीर लग्न अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्येच लागे, त्यामुळे कॅथलिक जोडप्याचं लग्न तिथे आणि मुलांचे बाप्तिस्मे कॅथलिक चर्चमध्ये, असा प्रकार सर्रास दिसतो. कॅथलिक नोंदी बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात : जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मुस. आडनावांची तर दैनाच. लिहिणारा इंग्रज कारकून, सांगणारा निरक्षर आणि कित्येकदा आयरिश भाषेतच वाढलेला. ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळून पडले, रायलीची चार स्पेलिंगं झाली, आणि मॅक गवान, म्हणजे लोहाराचा मुलगा, याचा सरळ स्मिथ झाला. स्मिथ आडनावाचा आयरिश पूर्वज सापडणं हे नशिबाचंच काम.

गाव कळलं तरी पलीकडे खड्डा आहे. ३० जून १९२२ रोजी, आयर्लंडमधल्या यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स आवारातलं सरकारी दफ्तर जळालं. त्यात १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्या जवळजवळ पूर्ण गेल्या. १८६१ ते १८९१ च्या तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. अखंड उरलेल्यांत पहिली १९०१ ची, म्हणजे तोवर आपला माणूस लँकेशायरच्या मातीत पुरलेला. सर्वांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आयर्लंडात १८६४ पासूनची. त्याआधीसाठी कॅथलिक पॅरिशच्या वह्या (राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या २०१५ मध्ये सर्वांना खुल्या केल्या) आणि १८४७ ते १८६४ दरम्यान झालेली ग्रिफिथची जमीन-आकारणी. या आकारणीत कुळांची नावं टाउनलँडवार आहेत, पण फक्त खातेदारांची. दुष्काळात आधीच उठून गेलेला त्यात कुठून सापडणार?

तरीही जळालेल्या शिरगणतीचे काही तुकडे एका वेगळ्याच कारणाने वाचले. जानेवारी १९०९ पासून ७० वर्षांवरच्या गरिबांना पेन्शन मिळू लागली. दुष्काळाच्या आसपास जन्मलेल्यांकडे जन्माचा दाखला कुठला? मग १८४१ किंवा १८५१ च्या शिरगणतीत आपलं नाव शोधून द्या, असा अर्ज डब्लिनला करायचा. अर्जात आई-वडिलांची नावं आणि तेव्हाचा टाउनलँड लिहावा लागे. कारकून वही काढून पाही आणि निकाल फॉर्मवर उतरवी. वह्या जळाल्या, फॉर्म राहिले. कित्येक फॉर्मांवर ‘सापडले नाही’ एवढाच शेरा आहे. पण त्या शेऱ्याच्या वर, अर्जदाराने सांगितलेली आई-बापाची नावं आणि वाडीचं नाव तसंच आहे.