हे केराटिन कोणाचं?

कर्करोगाच्या गाठीचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा, उणे 80 अंशांवर महिनोन्‌महिने जपलेला. त्यातली प्रथिनं मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन करणाऱ्या मशीनवर, मोजायला घेतली आणि यादीत सगळ्यात वर आलं केराटिन, म्हणजे कातडी, केस आणि नखांतलं प्रथिन. ते रुग्णाचं नसून बहुधा नमुना तयार करणाऱ्याचंच असतं. झाकण उघडं असताना कुणी तरी त्यावर वाकलं असेल, नाही तर हातमोजे चढवल्यावर कपाळ खाजवलं असेल. अंगात लोकरीचा स्वेटर असेल, तर मेंढीचं केराटिनही हजेरी लावून जातं.

मग केराटिन दिसलं की सरळ खोडून टाकावं का? तसंही चालत नाही. माणसाच्या केराटिनचे पन्नासहून अधिक प्रकार आहेत. 1, 2, 9 आणि 10 क्रमांकाचे दिसले तर ते बहुतेक वेळा त्वचेतून गळलेले. पण 8, 18 आणि 19 हे आतड्यासारख्या आतल्या अवयवांच्या अस्तरातले, आणि त्या अस्तरातून उगवणाऱ्या अनेक गाठींमध्येही ते भरपूर सापडतात. 19 क्रमांकाच्या केराटिनचा तुकडा तर फुफ्फुसाच्या कर्करोगात रक्तातून मोजला जातो. कचरा कुठला आणि पुरावा कुठला, हे मशीन सांगत नाही. ते सांगायला रोज अशा याद्या चाळणारं माणूस लागतं. मास स्पेक्ट्रोमीटर अनेक संशोधन गटांत मिळून सामाईक ठेवण्यामागे पैशाचं कारण आहेच, पण मला हे माणसाचं कारण जास्त मोठं वाटतं.

मशीन म्हणजे शेवटी एक वजनकाटाच. रेणूला विद्युतभार द्यायचा, निर्वातात सोडायचा आणि त्याच्या चालीवरून त्याचं वस्तुमान ओळखायचं. भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांना 1912 च्या सुमारास याच पद्धतीने निऑनचे 20 आणि 22 वस्तुमानाचे दोन प्रकार दिसले होते. प्रथिनांची पाळी यायला मात्र फार वर्षं गेली, कारण एवढा अवजड रेणू न फोडता हवेत उडवायचा कसा, हेच जमत नव्हतं. 1980 च्या दशकाच्या अखेरीला जॉन फेन यांनी विद्युतभारित फवाऱ्याने आणि कोइची तानाका यांनी लेझरने ते साधलं. 2002 च्या नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकात फेन यांनी हत्तींना पंख दिल्याची उपमा वापरली, ती अगदी चपखल आहे.

आज बहुतेक ठिकाणी प्रथिन अख्खं तोलत नाहीत. ट्रिप्सिन हे विकर (एन्झाइम) लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी त्याचे तुकडे करतं. ते तुकडे तोलायचे, मशीनमध्ये आणखी फोडायचे, पुन्हा तोलायचे आणि त्यावरून मूळ प्रथिन ओळखायचं. एखादा तुकडा अपेक्षेपेक्षा 80 डाल्टनने (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूएवढं वजन) जड भरला, तर त्यावर फॉस्फेट बसलंय अशी शंका येते. पेशीला ‘वाढ’ किंवा ‘थांब’ सांगणारी अनेक बटणं अशीच दाबली जातात, आणि नुसता डीएनए वाचून ती दिसत नाहीत.

दोन डाल्टनच्या फरकानेही एकदा गोष्ट पालटली आहे. 2008 मध्ये मेंदूच्या काही गाठींत आयडीएच-1 या विकराच्या जनुकात बदल सापडला. विकर बिघडलं असणार, असं मानायला जागा होती. 2009 मध्ये संशोधकांनी ते बदललेलं विकर असलेल्या पेशींतले छोटे रेणू मोजले, तेव्हा एक रेणू अफाट वाढलेला दिसला: 2-हायड्रॉक्सीग्लुटरेट, वस्तुमान 148. विकराचं नेहमीचं उत्पादन 146 चं. म्हणजे विकर बंद पडलं नव्हतं. ते आपल्याच उत्पादनाला दोन हायड्रोजन जोडून भलताच पदार्थ बनवत होतं. हे विकर अडवणाऱ्या आयव्होसिडेनिब या औषधाला अमेरिकेत 2018 मध्ये रक्ताच्या एका कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

आता पैशाचं. असं मशीन एकट्या गटाला परवडत नाही, आणि विकत घेतलं तरी निर्वात पंप रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. शिवाय पीएचडीच्या विद्यार्थ्याचा हात बसेपर्यंत त्याची जायची वेळ होते. म्हणून कर्करोग संशोधन केंद्रांत एक मध्यवर्ती प्रयोगशाळा असते. तिथे कायमचे तज्ज्ञ असतात आणि प्रत्येक गट आपल्या अनुदानातून नमुन्यामागे किंवा तासाप्रमाणे शुल्क भरतो. चांगली प्रयोगशाळा नमुने घेण्याआधी प्रश्न विचारते. किती रुग्ण? निरोगी नमुने त्याच पद्धतीने गोळा केलेत का? कुठला डिटर्जंट वापरलात? येणाऱ्याला या चौकशीचा वैताग येतो. नमुने फ्रीजरमध्ये तयार असतात, त्याला फक्त आकडे हवे असतात.

हे प्रश्न न विचारणं किती महागात पडू शकतं, ते 2002 मधल्या एका निबंधाने दाखवलं. रक्तद्रवाच्या मास स्पेक्ट्रमवरून, म्हणजे मशीनने काढलेल्या वजनांच्या आलेखावरून, बीजांडकोशाचा कर्करोग ओळखता येतो, असा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला: 50 पैकी 50 कर्करोग बरोबर ओळखलेले, त्यात पहिल्या टप्प्यातलेही. खळबळ उडणारच. पुढे एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या संख्याशास्त्रज्ञांनी निबंध लिहिणाऱ्या गटाची जाहीर माहिती उकरून पाहिली. एका प्रयोगाचे आकृतिबंध दुसऱ्यात टिकत नव्हते. एका संचात तर निरोगी नमुने बहुतांशी आधी आणि कर्करोगाचे नंतर चालवले गेले होते. अशा वेळी काटा दिवसागणिक जरासा सरकला, तरी तो सरकणंच रोगाची खूण म्हणून पुढे येतं. गणित चोख असतं, फक्त ते भलत्याच गोष्टीचं उत्तर देतं.

म्हणून आता नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा पिसलेला असतो, मध्येमध्ये नमुन्याशिवायचे कोरे रन असतात आणि ठरावीक अंतराने एक ओळखीचा नमुना चालवला जातो. हा ओळखीचा नमुना पुष्कळ ठिकाणी हेला पेशींचा असतो. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या तरुण आईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या या पेशी. ती त्याच वर्षी गेली. तिच्या पेशींतली प्रथिनं मात्र आजही सकाळी पहिल्यांदा मशीनवर चढतात. किती प्रथिनं ओळखली गेली हा आकडा नेहमीपेक्षा घसरला, की तंत्रज्ञ रांगेतले बाकीचे नमुने थांबवतो आणि फवाऱ्याची सुई धुवायला काढतो.