काचेतला बुडबुडा म्हणजे वयाचा दाखला नव्हे

पुण्याच्या जुन्या बाजारात काचेच्या वस्तूंपाशी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आत बुडबुडे दिसतायत ना? मग शंभर वर्षांपूर्वीचीच." या समजावर विसंबून लोक भलते पैसे मोजतात, म्हणून स्पष्ट सांगतो: हे खरं नाही. बुडबुडा म्हणजे वितळलेल्या काचेत अडकलेली हवा किंवा वायू. तो आजच्या भट्टीतही अडकतो, आणि हाताने फुंकलेल्या नव्या काचेत तर मुद्दाम ठेवतात.

त्यापेक्षा वस्तू उलटी करा. तळाची जी कड टेबलाला टेकते, तिच्यावर भिंग धरा. खऱ्या वापराचे ओरखडे बारीक, वेगवेगळ्या दिशांना गेलेले, कमी-जास्त खोल असतात आणि टेकणाऱ्या भागापुरतेच असतात. पॉलिश पेपर घासून 'जुन्या' केलेल्या तळावर ते बहुधा एकाच दिशेने, एकसारखे, अगदी न टेकणाऱ्या खोलगट भागातही दिसतात. माझ्या मते एवढं पाहिल्याशिवाय भावाची बोलणीच करू नयेत.

बाटलीवरची साच्याची रेघ (साच्याचे भाग जुळतात तिथली) थेट तोंडाच्या काठावर गेली असेल, तर ती बाटली बहुधा यंत्रावर बनलेली. अमेरिकेतल्या मायकेल ओवेन्सचं बाटल्या बनवणारं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचं, म्हणजे अशी बाटली बहुधा त्यानंतरची.

काचेच्या पेपरवेटच्या आत घातलेल्या सालाच्या आकड्यावरही भुलू नका. फ्रान्सच्या बाकारा कारखान्याने १८४६ ते १८४९ ही सालं खरोखर घातली, पण फ्रेंच पेपरवेटच्या नकला १९३० च्या दशकात चीनमध्येही होत होत्या. सालासोबत तळही तपासा.