डबीवरचा ससा आणि डबीतलं अभ्रक

तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रोडवर लिपस्टिकचं खोकं हातात घेतलं की मागे बारीक अक्षरांत 'क्रुएल्टी-फ्री' (म्हणजे प्राण्यांना त्रास न देता बनवलेलं) दिसतं, शेजारी हिरवा ठिपका, कधी एखादं पान, कधी उडी मारणारा ससा. ज्यांना प्राण्यांची खरोखर कळकळ आहे त्या मुली ही चित्रं पाहूनच खरेदी करतात. ही चित्रं मात्र वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. चाचणी कशावर झाली, आत काय आहे आणि ते कोणाच्या हातून आलं, यातल्या एकाचं उत्तर मिळालं म्हणून उरलेली दोन गृहीत धरता येत नाहीत.

सशापासून सुरुवात करू. १९४४ साली जॉन ड्रेझ या अमेरिकी विषशास्त्रज्ञाने डोळ्यांच्या दाहाची चाचणी बसवली. शुद्धीवर असलेल्या सशाच्या एका डोळ्यात रसायन घालायचं, दुसरा डोळा तुलनेला ठेवायचा आणि पुढचे काही दिवस बुबुळावरचा पारदर्शक पडदा किती गढुळला, डोळा किती लाल झाला याला गुण द्यायचे. अनेक दशकं जगभर हीच पद्धत चालली. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला बंदी घातली आणि त्याच वर्षी अशा चाचण्या झालेला माल आयात करायलाही. त्यामुळे फक्त भारतात माल बनवून इथेच विकणारी कंपनी 'आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही' असं छापते तेव्हा ती कायदा पाळते आहे, एवढंच त्यातून कळतं.

खरी चौकशी त्यापुढची. कच्चा माल पुरवणाऱ्यांनी चाचण्या केल्या का? माल बाहेर कुठे विकला जातो? चीनमध्ये आयात केलेल्या प्रसाधनांसाठी प्राण्यांवरची चाचणी बरीच वर्षं सक्तीची होती. मे २०२१ पासून साध्या प्रसाधनांना, योग्य कागदपत्रं असतील तर, त्यातून सूट मिळू शकते, पण केसांचे रंग आणि सनस्क्रीन तिथे 'विशेष' गटात मोडतात, त्यामुळे ही सूट त्यांना लागू होत नाही. युरोपीय संघाने २०१३ मध्ये प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांवर पूर्ण विक्रीबंदी आणली. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सिमराइज या घटक बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात सनस्क्रीनमधल्या दोन घटकांच्या प्राणी-चाचण्यांची युरोपच्या रसायन संस्थेने केलेली मागणी वैध ठरवली, कारण कारखान्यातल्या कामगारांची सुरक्षा रसायनांच्या वेगळ्या कायद्याखाली येते. म्हणून कोणताही छापील ससा मी पुरेसा मानत नाही. 'लीपिंग बनी' या खुणेसाठी कंपनीला एक ठरावीक तारीख द्यावी लागते, तिच्यानंतर पुरवठादारांनीही चाचण्या केलेल्या चालत नाहीत आणि बाहेरच्या लेखापरीक्षकाला दार उघडावं लागतं. नुसत्या स्वयंघोषणेपेक्षा हे कितीतरी भक्कम आहे.

प्राणी नको तर तपासायचं कसं, असं लोक विचारतात. इथे विज्ञानाने फार सुंदर काम केलं आहे. माणसाच्या त्वचेतल्या पेशी प्रयोगशाळेत अशा वाढवतात की खालून त्यांना पोषणद्रव मिळतो आणि वरची बाजू हवेत उघडी राहते. काही दिवसांत त्यांचे थरावर थर चढतात, सगळ्यात वर आपल्या कातडीसारखा कडक थरही येतो. त्यावर रसायन लावायचं, धुवायचं, पेशींना सावरायला वेळ द्यायचा आणि मग एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य घालायचं. जिवंत पेशी ते जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळेपणा यंत्राने मोजायचा. रसायन न लावलेल्या त्वचेच्या तुलनेत तो निम्म्यावर किंवा त्याखाली आला तर पदार्थ दाहक. चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या ओईसीडी या देशांच्या संघटनेने २०१० मध्ये ही पद्धत मान्य केली. यात कोणाच्या नजरेचा अंदाज नाही, आकडा आहे, आणि पेशी सशाच्या नाहीत, माणसाच्या आहेत. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवतं. या शहरात पेशींवरचं काम परकं नाही.

आता डबीच्या आत. हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, व्हीगनचा (म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्याचा) नाही, आणि आपल्याकडे दूध-मध शाकाहारातच येतात. खाद्यपदार्थांवर हा ठिपका यावा म्हणून ज्यांनी पाठपुरावा केला त्यात १९७४ पासून काम करणारी, वानवडीची 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी – इंडिया' ही संस्था होती, हे पुणेकरांनी अभिमानाने सांगायला हवं. व्हीगन शोधायचं तर घटकांची यादीच वाचावी लागते. 'सीआय ७५४७०' म्हणजे कार्माइन, निवडुंगावरच्या कोचिनियल किड्यांपासून काढलेला लाल रंग. 'सेरा अल्बा' हे मधमाश्यांचं मेण, 'लॅनोलिन' मेंढीच्या लोकरीचं तेल, 'शेलॅक' म्हणजे आपली लाख.

काही नावं मात्र काहीच सांगत नाहीत. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल चरबीतूनही येतं, पामतेलातूनही, आणि रेणू अगदी तोच. स्क्वालेन हे त्वचा मऊ ठेवणारं तेल तर शार्कच्या यकृतातून, ऑलिव्हमधून किंवा उसाच्या साखरेवर वाढवलेल्या यीस्टकडून मिळतं. तिथे कार्बनचे समस्थानिक, म्हणजे त्याच कार्बनचे हलके-जड अणू, मदतीला येतात. ऑलिव्हसारखी झाडं जड कार्बन-१३ थोडा कमी उचलतात, बारामती-इंदापूरच्या शेतांतला ऊस वेगळ्या प्रकाशसंश्लेषणामुळे त्याहून जास्त उचलतो आणि शार्क या दोन्हींच्या मधे कुठेतरी येतो. त्यामुळे ऑलिव्हचं आणि शार्कचं तेल ओळखता येतं. पण ऑलिव्ह आणि ऊस मिसळले तर आकडा शार्कच्या जवळ सरकू शकतो, म्हणजे प्रयोगशाळेच्या जोडीला खरेदीची कागदपत्रंही हवीतच.

आणि अभ्रकापाशी प्रयोगशाळाही थांबते. आयशॅडोची, हायलायटरची चमक बहुतेकदा 'सीआय ७७०१९' म्हणजे अभ्रकाची असते. झारखंडमधले कोडरमा, गिरिडीह आणि बिहारमधला नवादा हा त्याचा मोठा पट्टा. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर तिथल्या बऱ्याच परवानाधारक खाणी बंद पडल्या, पण मागणी थांबली नाही. सोडून दिलेल्या खाणींच्या बिळांतून कुटुंबंच्या कुटुंबं अभ्रकाचे तुकडे वेचतात, त्याला तिथे ढिबरा म्हणतात. मुलंही उतरतात. वरून माती ढासळते, आणि खाण कागदावर नसल्यामुळे मृत्यूही अनेकदा कागदावर येत नाही. ज्या डबीसाठी एकाही सशाला त्रास झाला नाही, तिच्यात हे अभ्रक असू शकतं. सशाचं चित्र दिसतं आणि या मुलांचं दिसत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

काही कंपन्या भट्टीत बनवलेलं अभ्रक वापरतात. यादीत ते 'सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट' म्हणून दिसतं. ग्राहक म्हणून तो सोपा मार्ग आहे, पण त्याने ढिबरा वेचणाऱ्यांच्या घरात पैसा जात नाही. २०१७ मध्ये कंपन्या आणि संस्थांनी मिळून 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' उभा केला, तो तिथेच राहून मजुरी आणि शाळा सुधारायचा प्रयत्न करतो. मला हाच रस्ता जास्त न्याय्य वाटतो, मात्र त्यासाठी कंपनीला आपला माल कोणत्या गावातून येतो हे माहीत असायला लागतं. तेच ईमेल करून विचारा: अभ्रक कोणत्या जिल्ह्यातलं, मधे किती व्यापारी, तपासणी कोण करतं. 'आमचे पुरवठादार सर्व कायदे पाळतात' एवढंच उत्तर आलं तर ते शेवटच्या व्यापाऱ्यापर्यंतचं उत्तर आहे, बिळापर्यंतचं नाही. तेव्हा पुन्हा विचारा.